एकाच कढीपत्त्यावरच्या अळ्या, फुलपाखरं मात्र वेगवेगळी?

बाल्कनीबाग | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार. बागकामाच्या विभागात टाकावं की इथे, कळेना, म्हणून इथेच टाकते.

कोथरूडला आमच्या बाल्कनीत कढीपत्त्याची मोठी कुंडी आहे. गणपती उठल्यावर तिच्यावर अळ्या दिसल्या. आधी पानावर पक्षी शिटल्यासारख्या, काळ्या-पांढऱ्या, मग एकदम हिरव्यागार आणि पाठीवर पुढच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके. सासूबाईंचं म्हणणं, फोडणीला पान उरणार नाही. लेकीचं म्हणणं, एकही मारायची नाही. तडजोड म्हणून काही अळ्या फांदीसकट जाळीच्या टोपलीखाली ठेवल्या. कोष झाले, त्यातले काही हिरवे, काही खाकी.

पहिली दोन फुलपाखरं निघाली ती काळी, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा आडवा पट्टा, खाली शेपूट. आज सकाळी तिसरं निघालं. तेही काळं, शेपूटही तसंच, पण मागच्या पंखाच्या मधोमध मोठा पांढरा डाग आणि कडेने लाल चंद्रकोरी. अळ्या तर सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मग या दोन जाती आहेत का? की नर आणि मादी? फोटो जोडले आहेत.

नारायणपेठी | शनिवार, रात्री ९.४२

सोपं आहे. पहिली दोन कॉमन मॉरमॉन, तिसरं कॉमन रोझ. दोन जातींच्या माद्या एकाच कुंडीवर अंडी घालून गेल्या. कुंडीवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

टेकडीवाला | शनिवार, रात्री १०.१५

कुंडीवर नसेल, पानावर असतं. कॉमन रोझच्या अळ्या ॲरिस्टोलोकिया कुळातल्या वेलींवर वाढतात, म्हणजे आपल्याकडची ईश्वरी, किडामारी वगैरे. कढीपत्ता, लिंबू, बेल हे लिंबूवर्गीय कुळ, ते मॉरमॉन आणि लाइम या फुलपाखरांचं. रोझच्या अळीला कढीपत्ता दिला तर ती उपाशी मरेल. शिवाय तिचं रूपही निराळं असतं: गडद तपकिरी-काळसर, अंगभर मऊ मांसल काटे आणि मधे एक पांढरा पट्टा. हिरवी कधीच होत नाही.

ताई, तिसऱ्या फुलपाखराचा फोटो मोठा करून बघा. फुलपाखराचं पोट आणि डोक्यामागचा भाग कुठल्या रंगाचा आहे? पंख विसरा, अंग बघा.

बाल्कनीबाग | शनिवार, रात्री १०.३१

काळं. पूर्ण काळं. पोटावर बाजूने पांढरट ठिपके आहेत थोडे. लाल कुठेच नाही.

टेकडीवाला | शनिवार, रात्री १०.५०

मग झालं. ही कॉमन मॉरमॉनची मादी, स्टिकियस हे तिचं रूप. कॉमन रोझचं डोकं, छातीच्या बाजू आणि पोट लाल-गुलाबी असतं, लांबूनही दिसतं. मॉरमॉनने पंखांची नक्कल इतकी हुबेहूब केली आहे की संग्रहातले नमुने बघणारेही थबकतात, पण अंगाचा रंग काळाच राहिला. पक्ष्याचं त्यावाचून अडत नसावं.

कॉमन मॉरमॉनच्या, म्हणजे पॅपिलिओ पॉलिटिसच्या माद्या आपल्याकडे तीन रूपांत दिसतात. एक सायरस, ही नरासारखीच, पांढऱ्या पट्ट्याची. दुसरी स्टिकियस, कॉमन रोझसारखी. तिसरी रोम्युलस, क्रिमसन रोझ या दुसऱ्या एका फुलपाखरासारखी: पुढच्या पंखांवर पांढरट तुटक पट्टे आणि मागच्या पंखांवर लाल ठिपके. रोम्युलसची नक्कल त्यातल्या त्यात कच्ची, क्रिमसन रोझच्या मानाने रंग मळकट. नर मात्र सगळीकडे एकाच रूपाचा.

तेव्हा तुमच्या टोपलीतली तिन्ही एकाच जातीची, आणि बहुतेक सख्खी भावंडंच.

मृण्मयी_पाषाण | रविवार, सकाळी ७.२०

सुंदर धागा! पाषाण तलावाच्या बाजूला घाणेरीच्या झुडपांवर ही लाल-पांढरी नेहमी दिसतात. मी सरसकट रोझ म्हणून नोंद करते. आता जुने फोटो काढून अंगं बघत बसणं आलं.

एक विचारू का? उडताना अंग कुठे दिसतं? फोटो न मिळताच निघून गेलं तर ओळखायचं कसं?

टेकडीवाला | रविवार, सकाळी ८.०५

रोझ संथ उडतं, निवांत, कुणाची भीती नसल्यासारखं. त्याच्या अंगात अळीपणी खाल्लेल्या वेलीतलं विष असतं, ॲरिस्टोलोकिक आम्ल. एकदा तोंड पोळलेला पक्षी परत वाटेला जात नाही. मॉरमॉन मुळात चपळ. पण इथे गंमत आहे. जपानी संशोधकांनी मॉरमॉनच्या उडण्याच्या रेषा तपासल्या, २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात नक्कल करणाऱ्या माद्यांचं उडणंसुद्धा रोझच्या उडण्याकडे झुकलेलं आढळलं. म्हणजे फक्त कपडे नाहीत, चालही उचललेली आहे. वेताळ टेकडीवर मी बघतो, तेव्हा स्टिकियस शांतपणे रमतगमत जात असते आणि तिला दचकवलं की सोंग टाकून सुसाट सुटते. रोझ दचकलं तरी फारशी घाई करत नाही.

तरीही उडत्या फुलपाखराला नाव देण्याचा मोह टाळा. नोंदीत 'रोझ किंवा मॉरमॉन मादी' एवढंच लिहिलं तर काही बिघडत नाही.

नारायणपेठी | रविवार, सकाळी ९.३०

अळीच्या झाडाचा मुद्दा पटला. पण भावंडांचं पटलेलं नाही. आई एक, बाप एक, मग एक मुलगी आईसारखी आणि दुसरी शेजारणीसारखी कशी? मधली, थोडी अशी थोडी तशी, का निघत नाही? रंग मिसळायला हवेत की.

निवृत्त_जीवशास्त्र | रविवार, सकाळी ११.१०

नारायणपेठी यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. माझी आयुष्यभराची सवय शिकवण्याची, त्यामुळे प्रतिसाद लांबेल, आधीच माफी.

लिनियसने १७५८ मध्ये या फुलपाखरांना नावं दिली तेव्हा नर आणि नक्कल करणारी मादी त्याला दोन वेगळ्या जाती वाटल्या. मादीला पॉलिटिस, नराला पॅमन. पुढे क्रॅमरने १७७५ मध्ये रोम्युलस हे आणखी एक नाव दिलं. ही सगळी एकाच जातीची रूपं आहेत याची ठाम मांडणी आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५ मध्ये मलाया भागातल्या पॅपिलिओनिडी कुळावर, म्हणजे या फुलपाखरांच्या कुळावर, लिहिताना केली. त्याच्या आधी तीन वर्षं, १८६२ मध्ये, हेन्री बेट्सने ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून नकलेची कल्पना मांडली होती: बिनविषारी जात विषारी जातीचं रूप घेते आणि पक्ष्यांना चकवते.

मग पैदास करून पाहण्याचं काम झालं. श्रीलंकेत फ्रायर या कीटकशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात याच फुलपाखराच्या पिढ्या वाढवल्या. १९७२ मध्ये क्लार्क आणि शेपर्ड यांनी हिशेब अधिक पक्का केला. सार असं की रूप ठरतं ते गुणसूत्रावरच्या एकाच जागेवरून. नक्कल करणारा जनुकप्रकार प्रभावी, सायरसचा अप्रभावी. म्हणून मधलं रूप निघत नाही.

आता बाल्कनीबाग यांच्या टोपलीचा हिशेब. समजा आई स्टिकियस होती आणि तिच्याकडे एक प्रत नकलेची, एक साधी. बापाकडे दोन्ही साध्या. तर निम्म्या मुली स्टिकियस, निम्म्या सायरस, आणि मुलगे सगळे एकसारखे पट्टेवाले. उलटंही होऊ शकतं. आई सायरस, पण बापाकडे नकलेच्या दोन प्रती: मग सगळ्या मुली स्टिकियस. नराच्या अंगात तो प्रकार असतो, पण दिसत मात्र नाही. नर पाहून त्याच्या मुली कशा निघतील हे कुणालाही सांगता येणार नाही.

तेव्हा पहिली दोन निघाली ती नर आहेत की सायरस माद्या, हे आधी बघा.

बाल्कनीबाग | रविवार, दुपारी १.४०

वा सर! शाळेत तुम्ही असता तर मी कॉमर्सला गेले नसते. पण नर की सायरस हे कसं बघू? दोघंही उडून गेली, फोटोच उरलेत.

टेकडीवाला | रविवार, दुपारी २.१५

पंख मिटलेला फोटो असेल तर मागच्या पंखाची खालची बाजू बघा. सायरसमध्ये कडेच्या लाल चंद्रकोरी ठळक असतात, नरात त्या नसतात किंवा पुसट असतात. पोटाचं टोकही बघा: नराचं निमुळतं आणि टोकाला दोन झडपा मिटल्यासारखी, मादीचं पोट भरलेलं.

बाहेर फिरताना आणखी एक खूण. पावसानंतर ओल्या मातीवर, ओढ्याकाठी घोळक्याने बसून क्षार शोषणारी बहुतेक नर असतात. आणि लिंबाच्या झाडाभोवती घिरट्या घालत, पानाला क्षणभर टेकून पोट वाकवणारी ती मादी, तिचे पंख काहीही म्हणोत.

बाल्कनीबाग | रविवार, दुपारी २.३८

एकात चंद्रकोरी स्पष्ट आहेत! दुसऱ्यात नाहीत. म्हणजे एक भाऊ, दोन बहिणी, आणि बहिणी दोन तऱ्हांच्या. लेक नाचते आहे.

भटकभवानी | रविवार, संध्याकाळी ६.००

वाचनखूण साठवली.

माझा बाळबोध प्रश्न. नक्कल केली की पक्षी खात नाहीत, तर मग सगळ्याच माद्या नक्कल का करत नाहीत? आणि नरांनी काय घोडं मारलंय?

निवृत्त_जीवशास्त्र | रविवार, रात्री ८.२५

पहिल्याचं उत्तर पुणेकरांना लगेच कळेल. घरात कुत्रं नसताना फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी लावणारे आपल्याकडे कमी नाहीत. गल्लीत दोन-चार घरांत खरंच कुत्री असतील तोवर पाटी चालते. सगळ्यांनीच पाट्या लावल्या आणि कुत्रं एकाही घरात नाही, तर पेपरवाला सरळ आत येतो. नक्कल दुर्मीळ असेपर्यंतच कामाची. ती वाढली की अननुभवी पक्ष्याच्या चोचीत आधी बिनविषारी मॉरमॉन येण्याची शक्यता वाढते आणि तो लाल-पांढऱ्याला घाबरायला शिकतच नाही. मग सायरसलाही तोटा राहत नाही. अशी रूपं एकमेकींना तोलून धरतात.

म्हणूनच जिथे रोझ उडतात तिथे स्टिकियस जास्त, आणि जिथे कॉमन रोझही नाही आणि क्रिमसन रोझही नाही तिथे सायरसचा भरणा. सिमल्याकडचं उदाहरण जुन्या पुस्तकांतून नेहमी दिलं जातं.

नरांबद्दल मतभेद आहेत. एक बाजू म्हणते, माद्या जोडीदार निवडताना ओळखीचा पांढरा पट्टा बघतात, तो सोडणं नराला परवडत नाही. दुसरी बाजू धोक्याकडे बोट दाखवते. जपानचे ओसाकी यांनी १९९५ मध्ये पंखांवरच्या चोचीच्या खुणा मोजून दाखवलं की माद्यांवर हल्ले जास्त होतात. अंड्यांनी जड झालेली मादी सावकाश उडते, अंडी घालायला एकेका झाडाशी रेंगाळते. नकलेची गरज तिला जास्त. मला दुसरी बाजू अधिक पटते, पण दोन्ही एकत्र खऱ्या असायला हरकत नाही.

नारायणपेठी | रविवार, रात्री ९.०५

पाटीचं ठीक. पण पांढरा डाग, लाल कोरी, पट्टा जाणं, एवढे बदल एका जागेवरून? हे जरा जास्तच सोयीचं वाटतं.

निवृत्त_जीवशास्त्र | रविवार, रात्री ९.५०

तुमच्यासारखंच पुष्कळांना वाटत होतं. बराच काळ समज असा होता की तिथे एकमेकांना चिकटून बसलेली अनेक जनुकं असावीत, एक रंगाचं, एक आकाराचं, आणि ती एकत्रच वारशात जात असावीत. सुपरजीन म्हणतात त्याला. २०१४ मध्ये नेचर या शोधपत्रिकेत शोधनिबंध आला, पहिलं नाव कृष्णमेघ कुंटे यांचं. आपल्या पुण्यातच फुलपाखरांमागे हिंडत मोठे झालेले, आता बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत. उत्तर निघालं एकच जनुक: डबलसेक्स.

हे जनुक कीटकांत नर-मादीपण ठरवण्याच्या कामाचं. मॉरमॉनमध्ये या जनुकाचा भाग गुणसूत्रावर उलटा फिरलेला आहे. उलट्या आणि सुलट्या तुकड्यांत अदलाबदल होत नाही, त्यामुळे त्या तुकड्यात साठलेले बारीक बदल फुटून वेगळे होत नाहीत, एकत्रच पुढे जातात. जपानी गटानेही पुढच्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच दाखवलं. आणि लिंग ठरवणारं जनुकच हाताशी धरलेलं असल्यामुळे नक्कल मादीपुरती राहणं ओघाने आलं.

भटकभवानी | रविवार, रात्री १०.१०

म्हणजे अर्धं नर, अर्धं मादी असं फुलपाखरू निघालं तर...?

निवृत्त_जीवशास्त्र | रविवार, रात्री १०.२२

फार छान सुचलं. अशी द्विलिंगी फुलपाखरं क्वचित निघतात, मधोमध रेघ मारल्यासारखी. नक्कल करणाऱ्या जनुकाचं असं मॉरमॉन असेल तर मादीच्या बाजूला लाल-पांढरं आणि नराच्या बाजूला पट्टा. कुणाला कधी दिसलं तर इथे धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

सिंहगडरोडकर | सोमवार, सकाळी १०.४०

ऑफिसातून वाचतोय. दोन गोष्टी.

एक, रोम्युलस हे उपजातीचंही नाव आहे ना? भारतातल्या कॉमन मॉरमॉनला पॅपिलिओ पॉलिटिस रोम्युलस म्हणतात असं ॲपवर दिसतं. मग ताईंची स्टिकियस मादी ही रोम्युलस उपजातीची स्टिकियस?

दोन, मॉरमॉन, रोझ यांच्या कुळाला शेपटीवरून स्वॅलोटेल म्हणतात ना? पण लिंबावरच्या लाइमला शेपूटच नाही. नीलवंतालाही (ब्लू मॉरमॉन) नाही. मग?

टेकडीवाला | सोमवार, सकाळी ११.३०

पहिलं: बरोबर, अगदी तसंच. उपजात म्हणजे भूभागाप्रमाणे पडलेला फरक. रूप म्हणजे त्याच भूभागात, त्याच आईच्या पोटी शेजारी शेजारी निघणारा फरक. ॲपने उपजात म्हणून रोम्युलस लिहिलं की लोक फोटो क्रिमसन रोझसारखाच असायला हवा असं समजून नराची नोंद खोडून टाकतात. नोंद करताना 'रूप' असा शब्द आधी लिहावा.

दुसरं: कूळ शेपटीवरून ठरत नाही. पॅपिलिओनिडी कुळातल्या अळीला डिवचलं की डोक्यामागून दुभंगलेलं, उग्र वासाचं शिंग बाहेर येतं. मॉरमॉनचं लालसर असतं. लाइम, नीलवंत, टेल्ड जे, रोझ, सगळ्यांच्या अळ्यांत ते आहे. दुसरी खूण पाय. ब्लू टायगर, कॉमन क्रो या दुसऱ्या कुळातल्या फुलपाखरांचे पुढचे दोन पाय आखडलेले, चार पायांवरच उभी राहतात. पॅपिलिओनिडी सहाही पायांवर. आणि कोष कमरेला धाग्याने बांधलेला, टोक फांदीला चिकटलेलं.

शेपूट ओळखीला फार धरू नये याचं दुसरं कारण म्हणजे ती तुटते. ऑक्टोबर सरता सरता निम्म्या मॉरमॉनना एक तरी शेपूट नसते. पक्षी, वारा, काटे, काहीही. फाटलेले, खवले झडलेले पंख बघून नवी जात सापडली म्हणून धावत येणारे दरवर्षी भेटतात. दोन्ही पंखांवर समोरासमोर सारखाच तुकडा गेलेला असेल तर पंख मिटलेले असताना चोच बसली असं समजा.

मृण्मयी_पाषाण | सोमवार, दुपारी १२.१५

नीलवंताच्या नर-मादीबद्दल पण लिहा ना. २०१५ मध्ये आपलं राज्य फुलपाखरू झालं, तेव्हापासून सगळ्यांना तेवढं एकच नाव येतं, पण नर-मादी कुणी सांगत नाही.

टेकडीवाला | सोमवार, दुपारी १२.५०

नीलवंतात मॉरमॉनइतकी भानगड नाही. नराचा मागचा पंख स्वच्छ निळा, काळे ठिपके उठून दिसतात. मादी आकाराने मोठी, निळा रंग फिकट, राखाडीकडे झुकलेला. काही माद्यांच्या पुढच्या पंखाच्या मुळाशी गडद लाल तिकोनी रेघ असते, सगळ्यांना नाही. पंखांच्या खालच्या बाजूला मुळाशी लाल डाग दोघांनाही असतात, त्यावरून ठरवू नका. यालाही लिंबूवर्गीय झाडंच लागतात, त्यामुळे सोसायटीतल्या पपनस-लिंबाच्या झाडावर मोठ्या अळ्या दिसल्या तर घाईने फवारणी करू नका.

भटकभवानी | सोमवार, दुपारी ३.१०

रूपं बदलणारी आणखी कोण आहेत आपल्याकडे? ताम्हिणीला पावसाळ्यानंतर जाणार आहोत.

टेकडीवाला | सोमवार, संध्याकाळी ७.३०

ताम्हिणीला कॉमन माइम शोधा. ते मॉरमॉनच्या उलट आहे. त्याचीही दोन रूपं: एक क्लायटिया, तपकिरी, कॉमन क्रोसारखं, दुसरं डिसिमिलिस, काळ्यावर पांढऱ्या रेघा, ब्लू टायगरसारखं. पण इथे नर आणि मादी दोघंही दोन्ही रूपांत असतात. 'माद्याच नक्कल करतात' हा नियम म्हणून पाठ केला असेल तर माइम तो मोडून दाखवतं. ओळख पटवायची ती मागच्या पंखाच्या कडेच्या पिवळसर ठिपक्यांवरून आणि सहा पायांवरून. क्रो आणि टायगर चार पायांवर बसतात, हे वर लिहिलंच आहे.

रेड हेलन दिसलं तर तेही मॉरमॉन समजाल. ते मोठं असतं, मागच्या पंखावर वरच्या बाजूला पांढरट-पिवळा मोठा डाग, पूर्ण पट्टा नाही. जंगल दाट असेल तिथेच. शहरात विचारात घेऊ नका.

शहरातच राहणार असाल तर हिरव्या ठिपक्यांचं टेल्ड जे बघा. सोसायट्यांच्या कुंपणाला जो उंच सरळ 'अशोक' लावतात त्यावर त्याच्या अळ्या वाढतात. सीताफळावरही. त्यात रूपांची गुंतागुंत नाही, पण एका जागी ठरत नाही, फुलावरही पंख फडफडवत राहतं. फोटोग्राफरच्या संयमाची परीक्षा.

निवृत्त_जीवशास्त्र | सोमवार, रात्री ९.००

एक राहिलं. बाल्कनीबाग यांनी हिरवे आणि खाकी कोष लिहिले होते. त्याचा आतल्या फुलपाखराच्या रूपाशी संबंध नाही. अळी कोष करायला जिथे बसते तिथला पृष्ठभाग खडबडीत की गुळगुळीत, हवा किती दमट, आजूबाजूला पानं आहेत का, यावर तो रंग ठरतो. हिरव्या कोवळ्या फांदीवर बहुधा हिरवा, वाळक्या काटकीवर किंवा भिंतीवर खाकी. म्हणजे एकाच जातीत फरक दोन तऱ्हांनी पडतो: एक जन्माने आलेला, दुसरा जागेने पाडलेला. फुलपाखराचा आकारही या दुसऱ्या तऱ्हेतला. शेवटच्या दिवसांत पान कमी पडलं तर अळी लवकर कोष करते आणि फुलपाखरू लहान निघतं. लहान मॉरमॉन दिसलं की वेगळी जात शोधायची गरज नाही.

बाल्कनीबाग | मंगळवार, सकाळी ८.१५

किती छान माहिती! बाकीचे कोष अजून निघायचेत. एक मात्र काळपट पडलाय आणि त्याला बारीक भोक दिसतंय. ते काय?

टेकडीवाला | मंगळवार, सकाळी ९.००

त्यातून फुलपाखरू निघणार नाही. परोपजीवी छोट्या गांधीलमाश्यांनी आत अंडी घातली असतील, त्या निघून गेल्या. निसर्गात हे नेहमीचंच, टोपलीत केलेल्या कोषांतही होतं. कोष काढून कुंडीतच टाका, लेकीला मात्र नीट समजावून सांगा. बाकीच्या कोषांना हात लावू नका. निघाल्यावर पंख सुकायला तास-दोन तास द्या, टोपली उघडी ठेवा.

नारायणपेठी | मंगळवार, सकाळी ९.४०

मी कालपासून वाड्याच्या मागच्या लिंबावर नजर ठेवून आहे. घरात चर्चा सुरू आहे, ती इथे लिहीत नाही. एकच विचारतो. खरं रोझ बाल्कनीत यावं म्हणून ईश्वरीची वेल लावली तर? नर्सरीवाला एक वेल दाखवतोय, जांभळट मोठी फुलं, दिसायला झकास. 'तीच आहे' म्हणतो.

टेकडीवाला | मंगळवार, सकाळी १०.२०

ती घेऊ नका. वर्णनावरून कॅलिको फ्लॉवर वाटते, दक्षिण अमेरिकेतली शोभेची वेल, त्याच कुळातली. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग नावाचं मोठं फुलपाखरू तिच्यावर फसून अंडी घालतं आणि अळ्या ते पान खाऊन मरतात. तिथे ती वेल उपटण्याच्या मोहिमा झाल्या आहेत. आपल्या रोझच्या बाबतीत हा जुगार कशाला खेळायचा?

देशी ईश्वरी मागा. पान लांबट, फूल लहान, फिकट हिरवट-जांभळं, शोभेला अजिबात झकास नाही. उन्हाची जागा, चढायला जाळी आणि धीर. वेल लहान असेल तर चार अळ्या ती आठवड्यात फस्त करतील, म्हणून दोन कुंड्या तरी करा. आणि पान कुणाला चघळू देऊ नका, घरगुती औषध म्हणूनसुद्धा नाही. ते आम्ल माणसाच्या मूत्रपिंडाला घातक आहे.

नारायणपेठी | मंगळवार, सकाळी १०.४५

दोन कुंड्या म्हणजे पुन्हा घरात चर्चा. लिंबाशेजारी जागा आहे, तिथे लावतो. रोझ आणि स्टिकियस दोन्ही आली तर अंग बघून सांगेन.

मृण्मयी_पाषाण | मंगळवार, दुपारी १.००

मी जुने फोटो तपासले. बाजूने काढलेल्यांत अंग दिसतंय, निम्म्याहून जास्त काळ्या अंगाच्या निघाल्या. वरून काढलेले तसेच ठेवलेत, नोंदीत 'रोझ किंवा मॉरमॉन मादी' लिहून. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर दुरुस्त्या टाकते आहे. कुणी बाजूने फोटो काढत असेल तर पोट आणि छाती येईल असा एक तरी घ्या, खाली तारीख आणि जागा लिहा. झाडावर अंडी घालताना दिसली तर झाडाचाही.